साक्षीला दगड बोलावला, तर त्याचं सगळं ऐकायचं

प्रश्न नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत संडे स्कूल घेणाऱ्या ताईंचा आहे. वर्गातल्या एका मुलाने मोबाइलवर आलेला व्हिडिओ दाखवला: तांबड्या समुद्राच्या तळाशी फारोच्या रथांची चाकं सापडली, यरीहोची पडलेली भिंत सापडली, पुरातत्त्वाने बायबलचा शब्द न् शब्द खरा ठरवला. त्याच आठवड्यात अकरावीतला दुसरा मुलगा म्हणाला, यातलं काहीच घडलेलं नाही, दावीद राजासुद्धा काल्पनिक आहे, नेटवर सगळं लिहिलंय. ताई विचारतात: यातलं खरं काय धरायचं? आणि मुलांच्या विश्वासाला धक्का न लावता हे शिकवायचं कसं?

उत्तर लांबेल, कारण दोन्ही मुलांना एका वाक्यात गप्प करता येईल असं माझ्याकडे काही नाही. मी खापरं बघणारा माणूस. तीसेक वर्षं उत्खननांवर गेली, त्यातली बहुतेक गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात आणि तीन उन्हाळे इस्रायलमधल्या एका टेकाडावर. वडील पाळक होते. त्यामुळे तुमचा प्रश्न आमच्या घरी जेवणाच्या पाटावरच वाढलेला असायचा.

चाकांचं आधी उरकून टाकतो. हा दावा चाळीसेक वर्षं फिरतो आहे आणि इतक्या वर्षांत एकही चाक, चाकाचा एक आरासुद्धा कुठल्या संग्रहालयात किंवा प्रयोगशाळेत पोचलेला नाही. जी वस्तू दुसऱ्या कुणाला हातात घेऊन तपासता येत नाही, ती आमच्या हिशेबी सापडलेलीच नसते. तो व्हिडिओ पुसून टाका.

‘दावीद काल्पनिक’ हे मात्र इतक्या सहज उडवून लावता येत नाही. पस्तीस वर्षांपूर्वी काही जाणते अभ्यासक हे गंभीरपणे म्हणत होते आणि त्यांच्या हातात एक खरा मुद्दा होता: बायबलबाहेर दावीदचं नाव तोवर कुणालाही दगडावर, विटेवर किंवा खापरावर स्पष्ट दाखवता आलेलं नव्हतं.

मग १९९३ उजाडलं. इस्रायलच्या अगदी उत्तरेला, हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी तेल दान नावाचं टेकाड आहे. ‘तेल’ म्हणजे आपल्याकडची पांढरी. गावं एकावर एक वसतात, मातीच्या भिंती ढासळतात, राख आणि खापरं साठत जातात, आणि हजार-दोन हजार वर्षांनी सपाट रानात उंचवटा उभा राहतो. आपल्याकडचे शेतकरी पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेतात. तिकडे टेकाडं त्यामानाने शाबूत राहिली. तेल दानला अव्राहाम बिरान यांचं उत्खनन १९६६ पासून चालू होतं. २१ जुलै १९९३ रोजी त्यांच्या तुकडीतल्या मोजणीदार गिला कुक वेशीबाहेरच्या चौकाजवळून जात असताना, तिरप्या उन्हात, एका भिंतीत बसवलेल्या दगडावर त्यांना अक्षरं दिसली. दगड काळा बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा. कुणीतरी जुना कोरीव लेख फोडून त्याचे तुकडे बांधकामात भर म्हणून वापरले होते.

तिरपं ऊन हा तपशील शोभेसाठी दिलेला नाही. डोक्यावर ऊन असताना झिजलेलं अक्षर दिसतच नाही. आम्ही इथेही शिलालेख वाचायला सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर जातो, आणि अगदीच नाइलाज असला तर बॅटरी दगडाला लावून बाजूने उजेड पाडतो. गिला कुक दुपारी बारा वाजता त्या वाटेने गेल्या असत्या, तर कदाचित आजही आपण दावीदबद्दल तोच जुना वाद घालत बसलो असतो.

१९९४ मध्ये आणखी दोन तुकडे मिळाले. लेख अरामी भाषेतला आहे, इ.स.पू. नवव्या शतकातला, आणि तो कोरवणारा राजा इस्राएलचा शत्रू आहे. त्याचं स्वतःचं नाव असलेला भाग हरवला असला तरी बहुतेक अभ्यासक त्याला दमास्कसचा हजाएल मानतात, तोच जो ‘राजे’च्या दुसऱ्या पुस्तकात भेटतो. त्यात तो म्हणतो की मी इस्राएलच्या राजाला मारलं आणि ‘बैत-दावीद’च्या राजालाही मारलं. बैत-दावीद म्हणजे दावीदाचं घराणं, म्हणजेच यहूदाचं राज्य. ‘बैत’ आणि ‘दावीद’ या दोन शब्दांमध्ये लेखातल्या इतर शब्दांसारखा ठिपका नाही, म्हणून काहींनी हे राजघराणं नसून एखाद्या जागेचं नाव असेल असंही सुचवलं. पण आज ते मत धरून बसलेले फार थोडे आहेत. त्या काळात राज्यांना मूळपुरुषाच्या नावाने ‘अमक्याचं घर’ म्हणायची रीतच होती.

म्हणजे अकरावीतल्या मुलाला सांगा, दावीदचं घराणं खरं होतं. दावीदनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच्या वंशजांचा शत्रूही त्यांना त्याच नावाने ओळखत होता.

आता इथे बहुतेक ख्रिस्ती मासिकं थांबतात. मी थांबणार नाही, कारण त्याच दगडाच्या त्याच ओळी आपल्याला अडचणीत आणतात. मारले गेलेले दोन राजे म्हणजे इस्राएलचा योराम आणि यहूदाचा अहज्या, असं तुटक्या अक्षरांवरून वाचलं जातं. नावांचे शेवट शिल्लक आहेत, सुरुवात पुरी करून घेतली आहे. या दोघांचा मृत्यू ‘राजे’च्या दुसऱ्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात सविस्तर आला आहे. तिथे त्यांना हजाएल मारत नाही, योरामचाच सेनापती येहू मारतो. योरामच्या छातीतून आरपार गेलेला बाण, पळत जाऊन मगिद्दोत मेलेला अहज्या, सगळं आहे. दगड म्हणतो, मी मारलं. शास्त्र, म्हणजे आपलं पवित्र शास्त्र, म्हणतं, येहूने मारलं. जुळवाजुळव करता येते: येहू हजाएलच्या पाठबळावर उठला असेल, किंवा हजाएल दुसऱ्याच्या शिकारीवर आपली मोहर उठवत असेल. विजयाचे लेख कोरवणारे राजे थापा मारतातच, आपल्या ताम्रपटांत त्याची कमी नाही. पण बघा, दावीदचं नाव आलं तेव्हा आपण दगडाला सत्यवचनी साक्षीदार म्हटलं आणि त्याच ओळीत त्याला थापाड्या म्हणावं लागतंय. साक्षीला बोलावलेला माणूस आपल्या बाजूचं बोलला की त्याला पिंजऱ्यातून उतरवून घरी पाठवायचं, हे चालत नाही. उलटतपासणी होतेच.

दगडही चुकतात, हे सांगायला येहूचाच दुसरा दाखला आहे आणि त्याची वाट आपल्या मुंबईवरून गेली. हेन्री लेयार्डला १८४६ मध्ये इराकमधल्या निमरूदला काळ्या दगडाचा चौकोनी स्तंभ मिळाला. त्यावर असिरियाचा राजा तिसरा शल्मनेसेर उभा आहे आणि त्याच्या पायाशी कपाळ टेकवून एक माणूस वाकलेला आहे. वरच्या ओळीत नाव आहे: येहू. इस्राएलच्या एखाद्या राजाचं आपल्याला मिळालेलं हे सर्वांत जुनं चित्र, निदान त्याच्या वकिलाचं तरी. लेयार्डच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईला आणि तिथून लंडनला जात. मुंबईच्या गोदीत त्या उघडल्या गेल्या, इथल्या साहेबलोकांनी वस्तू बघून घेतल्या आणि परत भरताना हयगय केली, असं नंतर लेयार्ड चरफडत लिहितो. असिरियन राजवाड्यांतले काही कोरीव पट आजही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहेत. तर या स्तंभावर येहूला ‘अम्रीचा पुत्र’ म्हटलंय. शास्त्राप्रमाणे येहू अम्रीच्या वंशातला नव्हेच. अम्रीचं घराणं त्यानेच तर संपवलं. असिरियाच्या लेखनिकाला इस्राएलचं राज्य म्हणजे ‘अम्रीचं घर’ एवढंच माहीत होतं. इथे बायबल बरोबर आणि दगड ढोबळ.

दोन्ही बाजूंची कागदपत्रं हातात असलेली सर्वांत भरघोस घटना म्हणजे इ.स.पू. ७०१ मधली असिरियाचा राजा सन्हेरीब याची यहूदावरची स्वारी. संडे स्कूलमध्ये एकच गोष्ट नीट शिकवायची असेल तर ही शिकवा. ‘राजे’ दुसरं, अध्याय अठरा आणि एकोणीस उघडून ठेवा.

सन्हेरीबने आपली हकिगत मातीच्या सहा-आठ कोनी स्तंभांवर लिहून ठेवली. यहूदाची ४६ तटबंदीची गावं घेतली, असं तो म्हणतो. यहूदाचा राजा हिज्कीया याला यरुशलेमात ‘पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं’ कोंडलं असंही म्हणतो. खंडणीचा आकडा देतो, किक्कार या जुन्या वजनी मापात: सोनं ३० किक्कार, चांदी ८०० किक्कार. शास्त्र काय म्हणतं? सोनं ३० किक्कार, चांदी ३००. सोन्याचा आकडा दोन शत्रूंच्या दप्तरांत तंतोतंत एक. चांदीचा जुळत नाही, आणि तो का जुळत नाही यावर लोकांनी वजनमापांचे बरेच हिशेब मांडले आहेत. मला स्वतःला जुळलेल्या आकड्याइतकाच न जुळलेला आकडाही आवडतो. दोन साक्षीदार सगळं एकसारखं बोलू लागले की कोर्टाला त्यांना पढवल्याचा वास येतो.

यहूदाच्या लाखीश शहराचं नाव सन्हेरीब त्या मजकुरात घेत नाही, पण निनवे या त्याच्या राजधानीच्या राजवाड्यातलं एक अख्खं दालन त्याने लाखीशच्या वेढ्याने कोरून काढलं होतं. ते पट आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तटाला टेकवलेला दगडमातीचा उतार, त्यावरून चढणारी वेढ्याची यंत्रं, वरून फेकलेल्या पेटत्या मशाली, गाठोडी डोक्यावर घेऊन बाहेर पडणाऱ्या बायका, बैलगाडीवर बसवलेली लहान मुलं. आणि डेव्हिड उस्सिश्किन यांच्या उत्खननाने १९७३ पासून लाखीशचं टेकाड उकललं, तेव्हा तो उतार जागेवर निघाला. हजारो टन धोंडे, भोवती लोखंडी बाणांची शेकडो टोकं, गोफणीचे दगड, आणि आतल्या बाजूने घाईघाईत घातलेला उलटा भराव, म्हणजे तट फुटला तरी दुसरी आड तयार असावी म्हणून. कोरीव चित्र, शास्त्राचा मजकूर आणि जमिनीतला थर एकाच प्रसंगावर बोट ठेवतात असं आमच्या धंद्यात फार क्वचित होतं.

यरुशलेमच्या बाजूने हिज्कीयाचा भुयारी कालवा आहे. लांबी ५३३ मीटर, डोंगराच्या पोटातून नागमोडी. दोन टोळ्यांनी दोन टोकांकडून खोदत मधे गाठ घातली. १८८० मध्ये पाण्यात खेळणाऱ्या मुलांमुळे आतला कोरीव लेख उजेडात आला. तो खोदणाऱ्यांच्या अंगाने लिहिलेला आहे: थोडं अंतर उरलं तेव्हा पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, आणि मग कुदळ कुदळीला भिडली. या लेखात कुठल्याच राजाचं नाव नाही, हिज्कीयाचंही नाही. कालवा त्याच्या काळचा, हे अक्षरांच्या वळणावरून आणि २००३ मध्ये गिलाव्यातल्या वनस्पतींच्या अवशेषांवर व छताला लटकलेल्या चुनखडीवर केलेल्या कालमापनावरून म्हणता येतं. आज तो लेख इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

आता राहिला एकोणिसावा अध्याय. परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत असिरियाच्या छावणीतले १,८५,००० मारले. यावर जमीन काय बोलते? काहीच नाही. सन्हेरीब हे सांगणार नाही, ते स्वाभाविक आहे. पण यरुशलेम घेतलं असंही तो म्हणत नाही, आणि लाखीशच्या शिल्पांना दालन देणारा राजा राजधानी घेतली असती तर गप्प बसला नसता. म्हणजे यरुशलेम वाचलं, इथवर कुदळ आणि पेन दोन्ही पोचतात. का वाचलं, ही यशया संदेष्ट्याच्या आणि माझ्या आजीच्या अधिकारातली गोष्ट. मी तिथे खापर घेऊन जात नाही.

यरीहोवर मात्र कडू बोलावं लागेल. यहोशवा इस्राएल लोकांना घेऊन कनानात शिरला तेव्हा पडलेली भिंत सापडली, हे १९३० च्या दशकात जॉन गारस्टँग यांनी खरोखरच जाहीर केलं होतं, आणि मिशनच्या जुन्या पुस्तकांतून ते आपल्यापर्यंत आलं. १९५२ ते ५८ मध्ये कॅथलीन केनियन पुन्हा तिथे खोदायला गेल्या. त्यांची पद्धत आपल्याकडच्या प्रत्येक पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला हातची माहीत असते: चौकोनी चर, मधे राखलेले मातीचे बांध, आणि बांधाच्या उभ्या कापात वाचलेले थर. मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली त्या ती शिकल्या आणि पुढे त्यांनी ती आणखी बारीक केली; तेच व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होऊन आले आणि इथल्या एका पिढीला ती शिकवून गेले. केनियन यांच्या कापात दिसलं की गारस्टँग यांची भिंत यहोशवाच्या काळाआधी जवळजवळ हजार वर्षांची आहे. नंतरचं एक भरभराटीचं शहर इ.स.पू. १५५० च्या सुमारास जळालं, त्यातल्या घरांत जळक्या धान्याने भरलेले रांजण उभेच्या उभे मिळाले. त्यानंतर मात्र टेकाड बराच काळ जवळजवळ ओसाड. इस्राएल लोक कनानात आले ते तेराव्या शतकात धरा किंवा शास्त्रातले ४८० वर्षांचे गणित मांडून पंधराव्या शतकात धरा, यरीहोला त्या वेळी पाडायला तटच नाही.

पळवाटा सुचवल्या गेल्या आहेत. वरचा थर पावसाने धुऊन गेला असेल, असं म्हणतात. धूप होते हे खरं. पण धुतलेली खापरं पायथ्याशी उतरतात, हवेत विरत नाहीत. १९९० मध्ये खापरांच्या आधारे ते जळालेलं शहर पंधराव्या शतकाच्या शेवटाला ओढायचा प्रयत्नही झाला. पाच वर्षांनी त्याच जळक्या धान्याचं कार्बन कालमापन छापून आलं आणि ते सोळाव्या शतकाकडे गेलं. धान्य चांगला साक्षीदार असतं, कारण ते एका वर्षात उगवतं आणि फार साठवून राहत नाही. लाकडाच्या तुळईसारखं शंभर वर्षांचं वय पोटात घेऊन बसत नाही.

पण तराजूत हासोरही ठेवा. यहोशवा अकरामध्ये जाळलेलं हासोर हे मोठं शहर तेराव्या शतकात खरोखर भयंकर आगीत संपलं आणि देवांच्या व राजांच्या मूर्तींची मुंडकी उडवलेली मिळाली. कुणी जाळलं यावर खोदणाऱ्यांतच एकमत नाही. तसंच मिसरचा राजा मेर्नेप्ताह याचा इ.स.पू. १२०८ च्या सुमाराचा लेख. तो १८९६ मध्ये फ्लिंडर्स पेट्री यांना मिळाला आणि त्यात ‘इस्राएल’ हे नाव बायबलबाहेर पहिल्यांदा येतं. शेजारच्या शहरांपुढे प्रदेशाची खूण आहे, इस्राएलपुढे लोकसमूहाची. म्हणजे त्या वेळी कनानात या नावाचे लोक होते. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत मधल्या डोंगराळ भागात शेकडो नव्या लहान वाड्या उभ्या राहिलेल्या पाहणीत दिसतात. बहुतेक ठिकाणी डुकराची हाडं जवळजवळ नाहीत, भांडी मात्र कनानी वळणाची. झंझावाती स्वारीपेक्षा हे चित्र हळूहळू रुजलेल्या वस्तीचं आहे. मिसरातून सुटून सीनायच्या रानात चाळीस वर्षं भटकलेल्या लाखोंच्या जमावाचा तर माग लागलेला नाही. लहान टोळी असती तर लागला नसता हेही तितकंच खरं. राहुट्या, शेळ्या आणि कातड्याच्या पखाली यांतलं काहीच टिकत नाही. आपल्याकडचे धनगर पिढ्यान् पिढ्या ज्या वाटांनी गेले त्या वाटांवरून खापर वेचायला गेलात तर हात हलवत परत याल.

नव्या कराराकडे वळलं की काळ जवळचा, म्हणून तपशील बारीक होतात आणि भांडणंही. कैसरियाला १९६१ मध्ये इटालियन उत्खननकारांना नाट्यगृहाच्या जिन्यात उलटा वापरलेला चुनखडीचा दगड मिळाला, त्यावर येशूला वधस्तंभाची शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदाराचं, पंतय पिलाताचं, नाव आणि हुद्दा: ‘प्रिफेक्ट’. रोमन इतिहासकार टॅसिटस त्याला ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो, तो हुद्दा नंतरच्या काळचा. म्हणजे इथे टॅसिटसचीच चूक दगडाने दाखवली. ग्रीसमधल्या डेल्फीच्या एका लेखातून, पौल ज्याच्यापुढे उभा राहिला तो रोमन सुभेदार गल्लियो करिंथच्या प्रांतावर कधी होता ते कळतं, आणि त्यावरून पौल करिंथात इ.स. ५१-५२ च्या आसपास होता असं बसवता येतं. पौलाच्या आयुष्यातल्या बाकीच्या तारखा बहुतेक याच खुंटीला टांगलेल्या आहेत. उलट बाजूला लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माच्या वेळची म्हणून आलेली शिरगणती आहे. क्विरिनिय या रोमन सुभेदाराची नावनिशी इ.स. ६ मधली, राजा हेरोद मेला इ.स.पू. ४ मध्ये, आणि येशूचा जन्म दोन्हींच्या वेळी एकदम बसवता येत नाही. नाताळच्या नाटकात हे सांगायची गरज नाही, पण दहावीच्या मुलाने विचारलं तर उडवाउडवी करू नका.

एका वस्तूपाशी थोडा थांबतो. १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेला एका कुटुंबाच्या कबरीत हाडं ठेवायची दगडी पेटी मिळाली, वर नाव योहानान. आत टाचेचं हाड, आणि त्यात आडवा गेलेला ११.५ सेंटिमीटरचा लोखंडी खिळा. खिळ्याचं टोक वळलं होतं, म्हणून मृतदेह उतरवताना तो निघालाच नाही आणि हाडाबरोबर कबरीत गेला. रोमनांनी हजारोंना वधस्तंभावर दिलं आणि ज्यांचे खिळे सरळ निघाले त्यांची खूण राहिली नाही. वधस्तंभावर मेलेल्यांना कुटुंबाच्या कबरीत पुरू देत नसत, म्हणून येशूला आपल्या कबरीत ठेवणाऱ्या अरिमथाईच्या योसेफाची गोष्ट खोटी, असं जे ठासून सांगत त्यांना या एका वाकड्या खिळ्याने जरा थांबवलं. येशूच्या कबरीबद्दल मात्र तो काही सांगत नाही. तो योहानानचा खिळा आहे.

बाजारातून आलेल्या वस्तूंपासून लांब राहा. २००२ मध्ये ‘याकोब, योसेफाचा पुत्र, येशूचा भाऊ’ असं कोरलेली हाडांची पेटी जगभर गाजली. ती कुठल्या कबरीतून निघाली याची कुणाकडे नोंद नाही. सात वर्षं खटला चालला, मालक बनावटगिरीच्या आरोपातून सुटला, पण लेख अस्सल आहे असं न्यायाधीशांनीही म्हटलं नाही. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाने मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे (त्या समुद्राकाठच्या गुहांत मिळालेल्या बायबलच्या फार जुन्या हस्तलिखितांचे) तुकडे म्हणून घेतलेले सगळेच्या सगळे सोळा तुकडे २०२० मध्ये नकली ठरले. भाविकाकडे पैसा आणि घाई दोन्ही असतात, हे नकलाकारांना पक्कं ठाऊक असतं. आम्ही म्हणतो, वस्तू थरातून उचलली की अर्धी मुकी होते. खड्डा क्रमांक, खोली, शेजारचं खापर, ही तिची जबान.

विश्वासाबद्दल विचारलंत, तर मला जोसेफ कॅलवे आठवतात. अमेरिकेतल्या बाप्टिस्ट सेमिनरीत शिकवणारे गृहस्थ, १९६४ पासून त्यांनी आय या गावाचं टेकाड खोदलं, यहोशवाच्या आठव्या अध्यायातलं. यहोशवाच्या काळी तिथे शहर सापडावं असं त्यांनाही वाटत असणारच. कापात दिसलं की इ.स.पू. २४०० च्या सुमारास शहर संपल्यावर तिथे बाराशे वर्षं कुणी राहिलंच नव्हतं. ‘आय’ या नावाचा अर्थच ढिगारा. कॅलवे यांनी जे दिसलं ते छापलं. प्रभूला मात्र सोडलं नाही. माझे वडील त्यांना मानत.

‘इतिहास काही का असेना, विश्वास वेगळा’ असं म्हणून मी सुटून जाणार नाही. पौल करिंथकरांना लिहिताना तसं म्हणू देत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं तो सरळ लिहितो. पण पुनरुत्थानाला चर लागू पडत नाही. यरुशलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चमधला संगमरवर २०१६ मध्ये हलवला, आतल्या चुन्याचं वय इ.स. ३४५ च्या आसपास निघालं, म्हणजे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळापासून लोक हीच जागा पूजत आले. आजूबाजूच्या कबरी पहिल्या शतकातल्या आणि जागा तेव्हा तटाबाहेर, हेही जमतं. याच्या पुढे आमच्याजवळ विचारायला काही उरत नाही. रिकामी कबर हे आमच्या धंद्यातलं सर्वांत नेहमीचं दृश्य आहे; मी उघडलेल्या कबरींतल्या अर्ध्याअधिक रिकाम्या होत्या, चोरांनी किंवा कोल्ह्यांनी केलेल्या. या कबरीबद्दल पहाटे तिकडे गेलेल्या त्या बायकांनी येऊन काय सांगितलं, त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, एवढाच प्रश्न उरतो. तो दगडाला विचारता येत नाही.

वर्गात हातात धरून दाखवता येईल अशी एक गोष्ट सांगून थांबतो. १९७९ मध्ये गॅब्रिएल बर्के यरुशलेमच्या हिन्नोम खोऱ्याच्या कडेला कबरी खोदत होते. मदतीला शाळकरी मुलं. त्यातल्या एका बारा-तेरा वर्षांच्या, जरा त्रासदायक मुलाला त्यांनी कोपऱ्यातलं खोलगट साफ करायला बसवलं. कंटाळून त्याने हातोडीने जमीन ठोकली आणि ती फुटली. खाली हजाराहून जास्त वस्तू जशाच्या तशा, आणि त्यांत चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या, गळ्यात बांधायच्या ताइतासारख्या. त्या न मोडता उलगडायला तीन वर्षं गेली. आत सुईसारख्या टोकाने कोरलेली अक्षरं इ.स.पू. ६०० च्या आसपासची: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझे संरक्षण करो. ‘गणना’च्या सहाव्या अध्यायातला, रविवारी उपासनेच्या शेवटी आपले पाळक हात उंचावून देतात तोच आशीर्वाद. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांहून हे कित्येक शतकांनी जुनं. शब्द आपल्या प्रतीतल्याहून थोडे आहेत, त्यामुळे ‘गणना’ हे पुस्तक तेव्हा पुरं होतं असं यावरून म्हणता येत नाही; हे शब्द कुणाच्या तरी गळ्यात होते, एवढं म्हणता येतं.

मोठी गुंडाळी उलगडल्यावर ९७ मिलिमीटर लांब आणि २७ मिलिमीटर रुंद भरली. किराणा दुकानातला अॅल्युमिनियमचा कागद त्या मापाचा कापून मुलांना द्या, सोबत टाचणी द्या, आणि गणना सहा, ओवी चोवीस ते सव्वीस त्यात बसवायला सांगा. खाली मऊ वही ठेवायला विसरू नका, नाहीतर टाचणी आरपार जाते.